घाटातला लाल दिवा आणि लोहाराचा मुलगा

पावसाळ्यात जव्हारहून मोखाड्यामार्गे त्र्यंबकेश्वर-नाशिककडे जीप चालवणे सोपे काम नाही. धुके असे उतरते की भर दुपारी दिवे लावावे लागतात. वायपर क्षणभर थांबत नाही. चढ-वळणांच्या रस्त्यावर बराच वेळ गॅरेज दिसत नाही. गाडीत बाजाराला निघालेली माणसे असतात, तर कधी नाशिकच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचा रुग्णही असतो. अशा वेळी चालकासमोर बॅटरीचे चित्र असलेला छोटा लाल दिवा लागतो. इंजिन चालू आहे, आवाजही नेहमीचाच आहे. मग हा दिवा काय सांगतो? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: बॅटरी गेली. कुणी लगेच हजारो रुपये मोजून नवी बॅटरी बसवतो आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो.

ताप हा रोग नसतो, रोगाची खूण असते. तापाची गोळी घेतली म्हणून मलेरिया जात नाही. बॅटरीचा दिवाही अशीच एक खूण आहे. दिव्यावर चित्र बॅटरीचे असले, तरी दुखणे बॅटरीचेच असेल असे नाही. गाडी धावत असताना वीज तयार होऊन बॅटरीत भरली जाते की नाही, हे तो सांगत असतो. वीज साठवणे आणि वीज तयार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. या दोन्हींमागचे नियम ज्या एका माणसाने शोधून काढले, त्याने मोटारगाडी कधी पाहिलीही नव्हती. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी आपल्या गाडीचे पेटंट १८८६ साली घेतले, तेव्हा त्याला जाऊन १९ वर्षे झाली होती. त्याचे नाव मायकेल फॅरेडे. तो एका लोहाराचा मुलगा होता आणि त्याचे शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरते आणि थोड्या हिशेबापुरते झाले होते.

सात नाणी आणि मिठाचे पाणी

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स या भागात झाला. वडील जेम्स लोहारकाम करत, पण त्यांची प्रकृती नाजूक होती. भट्टीसमोर रोज उभे राहणे त्यांना जमत नसे, त्यामुळे घरात चार मुले आणि मिळकत बेताची. महागाईच्या एका काळात मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो पुरवून खावा लागे. हे कुटुंब सँडेमनी या छोट्या ख्रिस्ती पंथाचे होते. साधेपणा, प्रामाणिकपणा आणि पैसा साठवण्याबद्दलची उदासीनता ही या पंथाची शिकवण फॅरेडे यांच्याबरोबर आयुष्यभर राहिली.

वयाच्या तेराव्या वर्षी मायकेल जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. घरोघरी वर्तमानपत्रे पोचवायची, वाचून झाली की परत आणायची, असे काम. पुढच्या वर्षी रिबो यांनी त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या उमेदवारीवर ठेवून घेतले. बांधायला आलेली पुस्तके हा मुलगा वाचू लागला. ब्रिटानिका ज्ञानकोशातला विजेवरचा लेख त्याच्या हाती आला. जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे संवादरूप पुस्तकही असेच मिळाले. वाचलेले खरे आहे का, हे तो स्वतः करून बघे. मालकाने दुकानातच तशी मोकळीक दिली होती.

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या आणि त्यांमध्ये ओलसर थर रचून जगातली पहिली बॅटरी जाहीर केली होती. फॅरेडे यांनी १८१२ साली घरच्या घरी तशी चळत रचली. तांब्याची सात अर्धपेनी नाणी, जस्ताच्या पत्र्याचे सात तुकडे आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एवढेच साहित्य. या चिमुकल्या बॅटरीने त्यांनी एप्सम क्षाराच्या द्रावणाचे विघटन करून दाखवले. पुस्तकात लिहिलेले खरे ठरले होते, आणि तेही खिशातल्या सुट्ट्या नाण्यांवर.

त्याच वर्षी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील चार व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हम्फ्री डेव्ही. मोठ्या बॅटरीच्या जोरावर पोटॅशियम आणि सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी करणारे म्हणून त्यांचे नाव युरोपभर झाले होते. फॅरेडे यांनी व्याख्यानांची सविस्तर टिपणे काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांचे पुस्तक बांधले आणि नोकरीच्या विनंतीसह ते डेव्ही यांना पाठवले. १ मार्च १८१३ रोजी त्यांची प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नेमणूक झाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग, राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या.

थोड्याच महिन्यांत डेव्ही दांपत्याबरोबर युरोपचा प्रवास घडला. डेव्ही यांचा नोकर ऐनवेळी न आल्याने त्याची कामेही फॅरेडे यांच्या गळ्यात पडली, आणि लेडी डेव्ही यांनी त्यांना नोकरासारखेच वागवले. मनस्ताप पुष्कळ झाला. पण त्याच प्रवासात, १८१४ साली मिलानमध्ये त्यांनी वृद्ध व्होल्टांना प्रत्यक्ष पाहिले. नाण्यांची चळत रचणाऱ्या पोराला बॅटरीचा जनक भेटला होता.

सुई हलली, पण क्षणभरच

१८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवले की तारेतून वीज वाहिली की जवळच्या होकायंत्राची सुई वळते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळते. सप्टेंबर १८२१ मध्ये फॅरेडे यांनी पाऱ्याच्या भांड्यात लोंबती तार चुंबकाभोवती फिरत ठेवली. विजेवर फिरणाऱ्या मोटारीचे हे पहिले रूप. यावरून वादही उठला. या विषयावर आधीपासून विचार करणारे विल्यम वोलॅस्टन यांना श्रेय दिले नाही, अशी कुजबुज झाली आणि फॅरेडे यांना फार वाईट वाटले. पुढे १८२४ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा डेव्ही होते आणि त्यांचाच या निवडीला विरोध होता. तरीही फॅरेडे आपल्या गुरूविषयी अखेरपर्यंत आदरानेच बोलत राहिले.

विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? या प्रश्नाने त्यांना दहा वर्षे सोडले नाही. मधल्या काळात काही वेळा प्रयोग झाले आणि फसले. वहीत तसे नोंदवून ते दुसऱ्या कामाला लागले. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी सहा इंच व्यासाचे लोखंडी कडे घेतले. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. तेव्हा बाजारात आवरणाची तार मिळत नव्हती. म्हणून वेढे एकमेकांना चिकटू नयेत यासाठी त्यांनी मधे सुती कापड आणि दोरा भरला. पुस्तकबांधणीची सवय असलेले हात इथे कामी आले असणार. एक वेटोळे बॅटरीला जोडले, दुसऱ्याजवळ चुंबकसुई ठेवली.

बॅटरी जोडताच सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. बॅटरी जोडलेली असेपर्यंत ती स्तब्ध राहिली. तार काढताच ती पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेला. दुसरा कुणी असता तर याला धक्का लागला असेल म्हणून सोडून दिले असते. फॅरेडे यांनी नेमका अर्थ काढला. नुसते चुंबकत्व असून वीज मिळत नाही, ते बदलत राहिले तर मिळते. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून वीज मिळवली. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून अखंड वाहणारी वीज मिळवली. चकती थांबली की वीज थांबे. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात.

२४ नोव्हेंबर १८३१ रोजी हे संशोधन रॉयल सोसायटीत वाचले गेले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. मराठी वृत्तपत्र आणि वीजनिर्मितीचा नियम हे असे एकाच हिवाळ्यातले. या शोधावर फॅरेडे यांनी पेटंट घेतले नाही. यंत्र मोठे करण्याचे काम इतरांवर सोडून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. खोपोलीचे, कोयनेचे जनित्र असो की जीपच्या इंजिनाला लावलेला अल्टरनेटर, सगळे याच नियमावर चालतात.

पुढचा प्रश्न बॅटरीचा होता. १८३३-३४ मध्ये त्यांनी विद्युत अपघटनाचे नियम मांडले. द्रावणातून जितकी वीज जाईल, तितक्याच प्रमाणात पदार्थात रासायनिक बदल होतो, त्यात लबाडी चालत नाही. इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोलाइट, अॅनोड, कॅथोड, आयन हे आज शाळेच्या पुस्तकात असलेले शब्दही त्यांनी याच काळात विद्वान मित्रांच्या सल्ल्याने रूढ केले. पुढे १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल वापरून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली. आजही बहुतेक गाड्यांत तिचीच सुधारलेली आवृत्ती असते.

दोन बाजूंमधला दिवा

आता घाटातल्या जीपकडे येऊ. गाडीच्या बॅटरीत सहा घर असतात. प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्टचे, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारला की बॅटरी मोठा प्रवाह देते. त्या वेळी आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर चढतो आणि आम्ल पातळ होते. इंजिन सुरू झाले की ही क्रिया उलटवायची जबाबदारी अल्टरनेटरची. इंजिनाच्या पट्ट्याने त्याचा आतला भाग गरगर फिरतो, त्यातले चुंबकत्व सभोवतालच्या तारांच्या वेटोळ्यांवरून सरकत राहते आणि वीज तयार होते. डायोड तिला एका दिशेने वळवतात, रेग्युलेटर तिचा दाब आवरतो. बाहेर पडणारा दाब साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. बॅटरीपेक्षा तो जास्त असल्यामुळेच वीज बॅटरीत शिरते. टाकी भरायची तर पाणी टाकीपेक्षा उंचावरून यावे लागते, तसेच हे.

जुन्या पद्धतीच्या गाड्यांत लाल दिव्याचे एक टोक बॅटरीकडे आणि दुसरे अल्टरनेटरकडे असते. किल्ली फिरवली, पण इंजिन सुरू नाही, तेव्हा एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नसते. म्हणून दिव्यातून वीज वाहते आणि तो पेटतो. हाच छोटा प्रवाह अल्टरनेटरमधल्या चुंबकाला पहिली जाग आणतो. इंजिन सुरू झाले की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, वाहायला कारण उरत नाही आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा बॅटरीचे आयुष्य मोजत नाही, दोन बाजूंमधला फरक दाखवतो. नव्या गाड्यांत दिव्याचा निर्णय संगणक घेतो, पण अर्थ तोच.

यातून निदानाचा क्रम आपोआप लागतो. किल्ली फिरवल्यावर दिवा पेटलाच पाहिजे. पेटला नाही तर बल्ब किंवा वायर गेलेली असू शकते, आणि काही जुन्या गाड्यांत तेवढ्यानेही चार्जिंग सुरू होत नाही. इंजिन चालू असताना दिवा लागला, तर आधी इंजिन बंद करून डोळ्यांनी पाहावे. पट्टा तुटला आहे का, सैल किंवा गुळगुळीत झाला आहे का? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का, क्लॅम्प हाताने हलतो का? चार्जिंगची वायर किंवा फ्यूज जळलेला आहे का? चिखल-पाण्याच्या रस्त्यावर अनेकदा दुखणे इथेच सापडते.

मग मल्टिमीटर. गाडी काही तास उभी असताना १२.६ च्या आसपास आकडा आला, तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली आला, तर रिकामी. इंजिन सुरू करून पुन्हा मोजावे. आकडा १४ च्या जवळ चढला, तर वीज तयार होते आहे. चढलाच नाही, तर दोष अल्टरनेटरकडे: झिजलेले कार्बन ब्रश, रेग्युलेटर, डायोड किंवा मधली वायर. हेडलाइट आणि पंखा लावल्यावर आकडा घसरत गेला, तर पट्टा घसरतो आहे किंवा अल्टरनेटर कमी पडतो आहे. आकडा सतत १५ च्या वर असेल, तर तेही वाईट. बॅटरी जास्त तापते आणि तिच्यातले पाणी उडून जाते. चार्जिंग नीट आहे, टर्मिनल घट्ट आहेत आणि तरी सकाळी सेल्फ उचलत नाही, तेव्हा मात्र बॅटरीचा संशय घ्यावा आणि दुकानात भार देऊन तिची तपासणी करून घ्यावी. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंगचा दाब मुद्दाम कमी-जास्त करतो. तिथे कंपनीने दिलेले आकडे पाहावेत.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी रीत काही गॅरेजांत अजून दिसते. ती टाळावी. आधाराला बॅटरी नसली की दाब एकदम उसळतो आणि डायोड, संगणक जळू शकतात.

थेम्सच्या पाण्यात पांढरे कागद

खूण पाहायची, अंदाज करायचा, पण मोजल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हीच फॅरेडे यांची पद्धत. ती त्यांनी प्रयोगशाळेबाहेरही वापरली. १८४४ साली उत्तर इंग्लंडमधील हॅसवेल येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९५ पुरुष आणि मुले मरण पावली. सरकारने फॅरेडे आणि भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांना तपासासाठी पाठवले. नुसता वायूच नव्हे, तर हवेत उडालेली कोळशाची धूळही स्फोटाला जोर देते, हे त्यांनी अहवालात मांडले आणि खाणीतील हवा खेळती ठेवण्याचे उपाय सुचवले.

जुलै १८५५ मध्ये ते बोटीने थेम्स नदीतून जात होते. पाण्याचा रंग आणि वास पाहून त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे ओले करून धक्क्या-धक्क्यावर पाण्यात सोडले. स्वच्छ ऊन असूनही इंचभर खाली जाण्याआधीच तुकडे दिसेनासे झाले. ही साधी मोजणी त्यांनी पत्राद्वारे ‘द टाइम्स’मध्ये प्रसिद्ध केली. आदल्याच वर्षी लंडनमध्ये पटकीची मोठी साथ येऊन गेली होती. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी संसदेतही सहन होईना, तेव्हा शहराच्या मोठ्या गटारयोजनेला मंजुरी मिळाली. शहराच्या आरोग्याचा लाल दिवा फॅरेडे यांनी तीन वर्षे आधी दाखवला होता.

१८३६ पासून ते दीपगृहांचे वैज्ञानिक सल्लागार होते. तेलाच्या दिव्यांतून निघणाऱ्या वाफेने काचा धूसर होत आणि कोंडलेल्या हवेने रखवालदारांचे डोके दुखे. फॅरेडे यांनी ही दूषित हवा बाहेर काढणारी चिमणी तयार केली. डिसेंबर १८५८ मध्ये साउथ फोरलँडच्या दीपगृहात विजेचा दिवा चाचणीसाठी लागला. त्याची वीज वाफेच्या इंजिनाने फिरणाऱ्या चुंबकीय यंत्रातून येत होती. २७ वर्षांपूर्वी सुईच्या एका हालचालीत दिसलेला नियम आता समुद्रावरच्या जहाजांना वाट दाखवत होता. सत्तरीकडे झुकलेले फॅरेडे बर्फाने अडलेल्या रस्त्यांवरून कुंपणे ओलांडत ते काम पाहायला गेले.

स्मरणशक्तीशी झुंज

या सगळ्याची किंमत शरीराने मोजली. १८४० च्या सुमारास, पन्नाशीही गाठलेली नसताना, त्यांना चक्कर, डोकेदुखी आणि विस्मरणाने घेरले. डॉक्टरांनी काम पूर्ण थांबवायला सांगितले. १८४१ साली पत्नी सारा त्यांना विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला घेऊन गेल्या. तिथे ते डोंगरांतून दिवसदिवस पायी हिंडत. पाय थकत नव्हते, पण कालचे वाचलेले आज आठवत नव्हते. पाऱ्यासारख्या विषारी द्रव्यांशी वर्षानुवर्षे आलेला संबंध यामागे असावा, अशी शंका पुढे काहींनी घेतली. कामाचा अतिरेक हेही कारण सांगितले जाते. आता ते सिद्ध करता येणार नाही.

त्यांनी उपाय शोधला तो वहीचा. प्रत्येक प्रयोग, अगदी फसलेलाही, क्रमांक देऊन लिहायचा. या नोंदींची संख्या १६ हजारांवर गेली. आपण हे आधी केले आहे का, हे स्मरणशक्तीला न विचारता ते वहीला विचारू लागले. या आजारानंतरच, १८४५ साली, चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे त्यांनी दाखवले. गणित त्यांना येत नव्हते. चुंबकाभोवतीच्या बलरेषांचे त्यांचे चित्र पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी समीकरणांत बांधले.

पैसा आणि मान त्यांनी दूर ठेवला. खासगी कंपन्यांना सल्ला देऊन मिळणारी मोठी कमाई संशोधनासाठी सोडली. सर ही पदवी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. मुलांसाठी नाताळात होणाऱ्या व्याख्यानांना मात्र ते आनंदाने उभे राहत. १८६०-६१ च्या नाताळात त्यांनी एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली.

मार्च १८६२ मध्ये त्यांनी शेवटचा प्रयोग केला. चुंबकाने ज्योतीच्या वर्णपटात काही बदल होतो का, हे पाहायचे होते. काही दिसले नाही, तसेच त्यांनी लिहून ठेवले. तो बदल खरोखरच होतो. अधिक चांगली उपकरणे घेऊन हॉलंडच्या पीटर झीमन यांनी तो १८९६ साली पाहिला आणि पुढे त्यांना नोबेल मिळाले. फॅरेडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी आपल्या खुर्चीत बसलेले असताना वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मोठा समारंभ न करता लंडनच्या हायगेट स्मशानभूमीत साधे दफन झाले.

दिवा लागला तर

फॅरेडे यांच्या या विद्येचा उपयोग घाटात नेमका कसा करावा? धावत्या गाडीत दिवा लागला की एसी, पंखा, टेप बंद करावा. लगेच तापमानाच्या काट्याकडे पाहावे. अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. काटा वर चढत असेल, तर पट्टा तुटलेला आहे असे समजून सुरक्षित जागी थांबावे, नाहीतर इंजिनच जाईल. काटा जागेवर असेल आणि दिवस असेल, तर इंजिन बंद न करता जवळच्या गावापर्यंत जावे. एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा उचलेलच याचा भरवसा नसतो.

रात्री हिशेब वेगळा. फक्त दोन हेडलाइट आठ-दहा अँपिअर वीज खातात, वायपर त्यात भर घालतो. जुने डिझेल इंजिन विजेशिवायही चालत राहते, पण दिवे मंद होत विझतात. नवीन इंजिन तर वीज संपली की मधेच बंद पडते. धुक्यातल्या वळणावर दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. म्हणून रुग्ण घेऊन निघण्याआधी दिवा लागलेली गाडी काढूच नये. थोडी वाट पाहावी लागली तरी दुसरी गाडी किंवा १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

बॅटरी हाताळताना शरीरही जपावे. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी, काडी, ठिणगी नको. पाणी घालताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि पाणी डिस्टिल्डच हवे. आम्ल डोळ्यांत उडाले, तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५-२० मिनिटे डोळे धूत राहावे आणि डॉक्टर गाठावा. जुनी बॅटरी घरी फोडून शिसे काढण्याचा मोह टाळावा. शिशाची धूळ श्वासातून आणि हातांतून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच परत द्यावी, तिची किंमतही वजा होते.

मिस्त्रीकडे गेल्यावर आधी बॅटरी बदलून बघू असे कानावर आले, तर आधी मोजून बघू असे म्हणावे. इंजिन बंद असतानाचा आकडा आणि चालू असतानाचा आकडा, एवढे दोनच. गाडीच्या डायरीत तारखेसह ते लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी दिवा लागेल, तेव्हा तपास कुठून सुरू करायचा हे त्या दोन आकड्यांवरून कळेल.